सुंदरराव मागं येत न्हाईत

सुंदरराव आणि त्यांची गाडी यांची पहिली भेट झाली त्या दिवशी वस्तीवर भर दुपारी अंधार पडला. गाडी अंगणात वळली आणि ऊन अडलं. कोंबड्यांना वाटलं दिवस मावळला. त्या मुकाट खुराड्यात गेल्या. म्हशीनं दावं तोडलं आणि ती दोन शेतं ओलांडून थांबली. शेजारच्या धर्मराजची आई डोळ्यांनी अधू. एवढं पांढरं, एवढं थोरलं काहीतरी दारात आलंय म्हणजे देवाचाच रथ, असं समजून तिनं गाडीच्या पुढच्या जाळीला हळदकुंकू लावलं आणि नातसुनेसाठी मुलगा मागितला. गाडी इतकी रुंद होती की डावी बाजू दारात पोचली तरी उजवी अजून केजच्या बाजारात भाजी घेत असावी. सुंदरराव ओट्यावरून उठले, तिच्या एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत चालत गेले आणि मध्ये दम खायला थांबले.

"आंतरपाट खाली आला तवा माझ्याकडं असं बगितलं न्हवतं," त्यांच्या पत्नी वनमालाबाई दारातून म्हणाल्या.

गाडी आणली होती थोरल्या मुलानं, सुरजनं. तो पुण्यात नोकरीला. तिथं ही गाडी ठेवायला जागा मिळेना, सोसायटीवाले रोज भांडत, म्हणून त्यानं स्वतःला एक लहान गाडी घेतली आणि ही वडलांना दिली. पुण्याच्या रस्त्यावर मावत नाही म्हणून ती अशा रस्त्यावर पाठवली, जिथं दोन बैल शेजारी चालले तर एकाला ओढ्यात उतरावं लागतं.

आणि द्यावी कुणाला, तर सुंदररावांना! हा माणूस आयुष्यभर बाजूला सरकत आलेला. एसटीत जागा मिळाली की त्यांना ओशाळल्यासारखं व्हायचं. दोन थांबे बसून ती कुणाला तरी देऊन टाकत. ग्रामसभेत ते चपलांजवळ बसत. पायवाटेवर समोरून शेळी आली तरी हे बांधावर चढत आणि शेळीला म्हणत, "जा बाई." अंगानं इतके बारीक की गाडीत बसले की मोठ्या ट्रंकेत कुणी काडेपेटी विसरल्यासारखे दिसत.

सुरजनं दोन दिवस पहाटे हायवेवर नेऊन त्यांना शिकवलं. सरळ जायला सुंदररावांना चांगलं जमलं. तिसऱ्या दिवशी अंगणात मागं घेण्याचा धडा सुरू झाला. सुंदररावांनी मान मागं वळवली की हात आपोआप उलट बाजूला वळत. पहिल्या खेपेला कडब्याची गंजी गेली. दुसऱ्या खेपेला हौदाची भिंत. तिसऱ्या खेपेला वनमालाबाई स्वतःच तुळशीपुढे हात पसरून उभ्या राहिल्या.

"हात लई ताठ धरताव आप्पा," सुरज म्हणाला. "ढिले सोडा. राहू द्या, येईल हळूहळू. तवर पुढंच चालवा."

सुरजची रजा संपली. सुंदररावांनी लेकाचा शब्द पाळला. ते पुढंच चालवू लागले. केजला गाडी लावायची तर जिथून सरळ निघता येईल अशाच ठिकाणी. तशी जागा मिळाली नाही तर ते न थांबता सरळ जात आणि वळायला ऐसपैस मोकळी जागा येईपर्यंत जातच राहत. चहापत्ती आणायला निघालेला माणूस लिंबागणेशच्या गणपतीचं दर्शन घेऊन, चहापत्तीशिवाय संध्याकाळी घरी येई. सुंदरराव उतारवयात देवाला लागले, असं लोक म्हणू लागले.

खरी धास्ती होती ती वस्तीपासून डांबरी फाट्यापर्यंतच्या रस्त्याची. हा रस्ता एका ट्रॅक्टरपुरता. कडेचं डांबर तुटून गेलेलं, दोन्ही बाजूंना काळ्या मातीची चारी, वर बाभळी. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीनं नळाच्या पुलापर्यंत मागं जायचं. तिथं थोडी रुंदी होती. कुणी जायचं याचा नेम साऱ्या शिवाराला पाठ होता. रिकाम्यानं भरलेल्याला वाट द्यायची, धाकट्यानं थोरल्याला. सुंदरराव सकाळी निघताना फाट्याकडे कान लावून उभे राहत, कुठं इंजिनाचा आवाज येतो का ते ऐकत, मग देवाचं नाव घेऊन एका दमात निघत. जेवण कमी झालं. झोपेत पाय क्लच दाबत. वनमालाबाईंनी उशी मध्ये ठेवायला सुरुवात केली.

एका सकाळी समोरून नेमके बबनराव आले.

बबनराव म्हणजे सुंदररावांचे थोरले चुलतभाऊ. सुंदररावांना विहिरीत ढकलून पोहायला त्यांनीच शिकवलं, सायकलवर त्यांनीच बसवलं. दोघांची शेतं बांधाला बांध लागून आणि तरी भांडण नाही, याचं गावाला कोडं होतं. रोज संध्याकाळी बबनरावांच्या ओट्यावर दोघांचा चहा ठरलेला. काही विशेष बोलणं नसे. एक म्हणायचा, "वारं पडलं." दुसरा म्हणायचा, "हां." एवढ्यावर त्यांची तीस वर्षं झकास गेली होती.

बबनरावांची जीप जुनी. मागं फाट्यापलीकडून गोळा केलेल्या दुधाचे कॅन भरलेले, गावातल्या डेअरीवर पोचायची घाई. म्हणजे थोरलेही तेच आणि भरलेलेही तेच. पूल सुंदररावांच्याच पाठीमागं, हाकेच्या अंतरावर.

"सुंदर, घे की मागं," बबनराव हसत म्हणाले.

सुंदररावांनी आरशात पुलाकडं पाहिलं.

"अरे दूध हाय गाडीत. कावून थांबलास बे?"

सुंदररावांचा शर्ट पाठीला चिकटला. 'दादा, मला मागं घेता येत न्हाई' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण दादांच्या जीपमध्ये डेअरीवर निघालेली दोन माणसं बसली होती आणि ती टक लावून बघत होती. सुंदररावांनी गिअरची दांडी धरली, डोळे मिटले, दांडी कुठंतरी ढकलली आणि पाय दाबला. गाडी गुरगुरली आणि हातभर पुढं झेपावली.

बबनरावांचं हसू गेलं. त्यांनी जीप मागं घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या बाजूला रुंद जागा पार फाट्याजवळ. जीप मागं, तिच्या तोंडाला तोंड लावून ही पांढरी गाडी पुढं, अशी ती वरात निघाली. वळणावर जीपचं मागचं चाक डांबरावरून घसरलं, दोन कॅन आडवे झाले आणि दूध चारीत गेलं.

उतरून हात द्यावा म्हणून सुंदररावांनी दार ढकललं. दार उघडेना. गाडीच्या रुंदीनं बाभळीच्या काट्यात ते चिणून बसलं होतं. त्यांनी काच खाली केली, बाहेर मान काढली, "दादा..." म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांचं कोपर हॉर्नवर पडलं. त्या हॉर्नला तीन सूर होते. तिन्ही वाजले.

बबनरावांनी जीप कशीबशी फाट्यावर काढून बाजूला घेतली. सुंदररावांची काच त्यांच्यासमोर आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जा."

संध्याकाळी सुंदरराव ओट्यावर गेले. बाज भिंतीला उभी करून ठेवलेली. बबनरावांच्या पत्नी भिवराबाई दारात आल्या आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "झोपलेत ते, भावजी." आतून टीव्हीवरच्या बातम्यांचा मोठा आवाज येत होता आणि मधूनच बबनराव खोकत होते.

गावात मात्र सुंदररावांचं नाव झालं. त्या दोन माणसांनी डेअरीवर जी हकिगत सांगितली, तिला संध्याकाळपर्यंत हातपाय फुटले. सुंदररावानं भावकीतल्या थोरल्याला मागं रेटलं. वर हॉर्न वाजवून दाखवला. ज्यांना आजवर सुंदरराव गावात राहतात हेही नीट माहीत नव्हतं, ते रामराम घालू लागले. काळीपिवळी जीपवाले दुरून पांढरं बॉनेट दिसलं की आपणहून मागं सरत. मुक्कामाच्या एसटीचा ड्रायव्हर बंकट कुणाच्या बापाला वाट देत नसे. तोही एकदा पुलावर थांबला आणि वर सलाम ठोकून गेला. "सुंदरराव मागं येत न्हाईत," एवढं सांगितलं की पुरे.

पांढऱ्या कपड्यातला युवराज, गावचा होतकरू पुढारी, एक दिवस पाया पडायला आला.

"आप्पा, असाच मानूस पायजे पंचायतीला. तुमी फक्त हां म्हना."

सुंदररावांनी हां म्हटलं नाही. नाही म्हणायलाही त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. चार दिवसांनी फाट्यावर फलक लागला. त्यावर गाडी, गाडीपुढं गॉगल चढवलेले सुंदरराव आणि खाली ठळक अक्षरांत, 'माघार ठाऊक नसलेलं नेतृत्व.' बबनराव रोज दूध घेऊन त्याच्याखालून जात.

"जावा आन सांगा एकदाचं," वनमालाबाई म्हणाल्या.

"काय सांगू? दारात एवढी गाडी हाय आन मागं घेता येत न्हाई म्हनू? हसतील लोक."

"हसू द्या की. दादा बी हसतील. तेच पायजे न्हवं तुमाला?"

ते खरंच होतं. दादा एकदा हसले असते तर सगळं मिटलं असतं. पण रोज संध्याकाळी सुंदरराव ओट्याच्या दिशेनं निघत, धर्मराजच्या गोठ्यापर्यंत जात आणि म्हशीची चौकशी करून परत येत.

दिवाळी झाली. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. एका सकाळी सुंदरराव फाट्याकडे चालले असताना वळणावर समोर ट्रॅक्टर उभा ठाकला. त्याच्या मागं दोन ट्रॉल्या. ट्रॉल्यांत बाजा, हंडे, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, लेकरं आणि सगळ्यांच्या वर बसलेल्या बाया.

"ए, मागं घे बे!" ट्रॅक्टरवाला ओरडला. तो परगावचा, सुंदररावांची कीर्ती त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. "माज्या मागं दोन ट्रॉल्या हायेत, मला मागं येत न्हाई. तुला काय झालंय?"

सुंदररावांनी गिअरची दांडी धरली, सोडली, पुन्हा धरली. शेवटी वरून एक बाई उतरली. मुकादमाची बायको छबुबाई. ती गाडीजवळ आली, काचेतून आत डोकावली आणि दांडी चाचपणारे सुंदररावांचे हात तिला दिसले.

"दादा," ती हळूच म्हणाली, "येत न्हाई व्हय तुमाला मागं?"

"न्हाई," सुंदरराव म्हणाले.

कुणाला तरी सांगून झालं! त्यांना एकदम भूक लागल्यासारखं वाटलं.

"आगं ए, उतरा गं समद्या!" छबुबाईनं हाळी दिली. "पाव्हन्याला ढकलायचंय! दादा, गियर तरी काढा. आमच्या मालकाला बी मागं येत न्हाई, पर त्यो कुठं कबूल करतू?"

ट्रॉलीवर खसखस पिकली. दहा-बारा बाया पदर खोचून गाडीच्या तोंडाला लागल्या आणि हसत, शिव्या देत, "डावीकडं, डावीकडं" करत त्यांनी ती रुंद गाडी सुंदररावांसकट पुलापर्यंत मागं नेली. सुंदररावही हसत होते. टोळी त्याच दिवशी कर्नाटकात गेली.

संध्याकाळी सुंदरराव धर्मराजच्या गोठ्यापाशी थांबले नाहीत. हसू अजून ओठांवर होतं तोवर पोचावं म्हणून ते गाडी घेऊनच गेले. बबनराव बैलांना पेंढी सोडत होते.

"दादा, त्या दिवशी मला मागं घेता येत न्हवतं. आजबी येत न्हाई."

बबनरावांनी पेंढी सोडली, हात झटकले. "कुनाला?"

"मला. शिकलोच न्हाई. आज टोळीच्या बायांनी ढकलली."

"सुंदर, दूध सांडलं ते सांडलं. फलक लावलास, बरं केलंस. आता घरात येऊन चेष्टा बी करतूस व्हय?"

"आईच्यान दादा!"

"अख्खं गाव तुला बगून मागं सरतंय. आन तुला येत न्हाई? मी काय खुळा हाय का?"

"मग बसा. दावतो."

बबनराव क्षणभर थांबले. मग खरंच येऊन शेजारी बसले. दारासमोर गोठा आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक बोळ होती, बैलगाडी जेमतेम जाईल एवढी. सुंदररावांनी ठरवलं, हिच्यात घालायची. भिंत पडेल, दिवा फुटेल, दादा हसतील. भिंत उद्या आपण बांधून देऊ. त्यांनी दांडी ढकलली. आदळायचंच आहे म्हटल्यावर बघायचं कशाला, म्हणून मान वळवली नाही, आरशात पाहिलं नाही, हात नुसते चाकावर ठेवले.

गाडी मागं निघाली. गोठ्याचा खांब डाव्या काचेजवळून गेला, भिंत उजव्या काचेजवळून गेली. सुंदरराव आवाजाची वाट बघत राहिले. आवाज झाला नाही. सुईत दोरा ओवावा तशी ती गाडी बोळीत शिरली आणि पार टोकाला जाऊन उभी राहिली. दोन्हीकडे वीतभर जागा होती.

बबनरावांनी आधी डावीकडची वीत पाहिली, मग उजवीकडची.

"दादा, ही मागं आत्ताच आली. पहिल्यांदाच. आईच्यान."

"लई चांगली चालवतूस, सुंदर."

बोळीत दार उघडायला जागा नव्हती. बबनराव म्हणाले, "पुढं घे जरा." सुंदररावांनी घेतली. बबनराव उतरले, दार हळू लावलं आणि बैलांकडे गेले.

त्यानंतर दोघांचं बोलणं झालं नाही. गुढीपाडव्याला सुरज आला आणि त्यानं गाडी नेऊन पुण्यात विकून टाकली.