गाडी खाली झाली, ड्युटी संपली

वना पाटलाने आयुष्यात एकच कागद स्वतःच्या हाताने लिहिला, आणि त्याच कागदाने त्याचा गळा धरला.

सातवी नापास माणूस. आधी काळीपिवळी चालवली, मग केळीचे ट्रक, आणि आता जळगावच्या एमआयडीसीतल्या एका पार्सल कंपनीची छोटी गाडी. कामगार कायद्याची पुस्तकं त्याने रद्दीवाल्याकडून आणली आणि ओळीखाली बोट ठेवून ठेवून वाचली. पंधरा ड्रायव्हरांची संघटना बांधली ती त्यानेच. कराराची वेळ आली तेव्हा वकिलाचा इंग्रजी मसुदा त्याने टेबलावरून परत सरकवला.

"आमचा करार आमच्या भाषेत. ड्रायव्हरला जे वाचता येत नाही त्यावर ड्रायव्हर सही करणार नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तोवर गाडी दुकानापुढे पोचली की कंपनीचं घड्याळ थांबायचं, निघाली की पुन्हा चालू व्हायचं. दुकानदार माल मोजून घेईपर्यंत ड्रायव्हर दोन-दोन तास उन्हात उभा, तो फुकट. म्हणून वनाने ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'गाडी भरायला लागल्यापासून गाडी खाली होईपर्यंत ड्युटी. आठ तासांवर दुप्पट ओव्हरटाइम.' खाली म्हणजे रिकामी. ड्रायव्हर लोकांत त्याला दुसरा शब्दच नाही. मॅनेजर पुनीतने ती ओळ वाचली, जरा थबकला आणि मुकाट सही केली. त्याचं थबकणं वनाने बरोबर टिपलं होतं. पठ्ठ्या घाबरला, असं वाटून तो मनात खूश झाला.

पहिल्याच पगाराला ओव्हरटाइम निम्म्यावर आला.

"पुनीतभाऊ, हा काय घोळ?"

"घोळ कसला, वनाभाऊ? भडगावला पाच वाजता शेवटचं पार्सल दिलंत. गाडी खाली झाली. ड्युटी संपली."

"आणि तिथून परत कोण आणतं? तुमचा बाप?"

"बापावर जाऊ नका. शब्द तुमचा. अक्षरही तुमचंच."

परतीचा साठ किलोमीटरचा रस्ता आता कोणाच्याच हिशेबात नव्हता. गाडी कोणत्या मिनिटाला कुठे आहे हे कंपनीला यंत्रावर दिसायचं, पगाराच्या चिठ्ठीवर मात्र ती मिनिटं नसायची. लेबर ऑफिसात आठ महिने तारखा पडल्या. शेवटी साहेबांनी करार दोनदा वाचून विचारलं, "पाटील, पुढे 'डेपोत परत येईपर्यंत' एवढं लिहायला काय झालं होतं?"

वनाने करार घडी करून खिशात घातला. बाहेर आल्यावर गिरधर, त्याच्याच गावचा, त्याच्याच बरोबर स्टिअरिंग शिकलेला, सगळ्यांसमोर हसला.

"तुन्हं अक्षर भारी शे हा भाऊ. बठ्ठासले बुडाई दिधं!"

'सगळ्यांना बुडवलंस' म्हणणारं ते हसू वनाला असं झोंबलं की त्याचं डोकंच फिरलं, आणि फिरलेल्या डोक्यातूनच युक्ती निघाली. चहाच्या टपरीवर त्याने बाकीच्या चौदाही जणांना गोळा केलं.

"शब्द माझा ना? मग शब्दाप्रमाणेच वागू. सोमवारी जिथं गाडी खाली होईल तिथंच उभी करायची. कुलूप लावायचं आणि एसटीनं घरी. ते म्हणतात ना ड्युटी संपली? मग संपली!"

टपरी हसून हसून लोटपोट झाली. सावद्याच्या लाइनवरचा समाधान म्हणाला, "मी तर केळीच्या वखारीसमोरच आडवी लावतो, भाऊ. पुनीतभाऊ येऊ द्या हमाल घेऊन." सगळ्यांनी हात वर केले. गिरधरने दोन्ही.

सोमवारी भडगावला एका बाईच्या हातात मिक्सरचं खोकं देऊन वनाने गाडी बसस्टँडशेजारी लावली आणि एसटीत खिडकीशी बसला. पुनीतचा फोन वाजत राहिला, त्याने घेतला नाही. परतीच्या त्या रस्त्यावर इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच डोळे मिटून बसला होता.

मंगळवारी सकाळी डेपोच्या फाटकातून आत पाहिलं, तर चौदा गाड्या रांगेत उभ्या. नव्हती ती फक्त त्याचीच. समाधान खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. ती काही केल्या बांधून होईना.

"काय करतू भाऊ?" गिरधरच शेवटी बोलला. "पुनीतभाऊना फोन उना. परतीना दोनशे रुपया भत्ता दी म्हने. मागलं बठ्ठं सोडा म्हने. आम्ही सह्या करी टाक्यात."

"आठ महिन्यांचा ओव्हरटाइम? दोनशे रुपड्यांवर?"

तेवढ्यात पुनीत केबिनबाहेर आला.

"वनाभाऊ, कंपनीची गाडी रस्त्यावर टाकून आलात. आधी जा, घेऊन या. नोटिशीचं मग बघू."

"ड्युटी धरणार?"

"नाही."

"भत्ता?"

"तुमची सही कुठंय?"

वनाने किल्ली केबिनबाहेरच्या टेबलावर आपटली. "मग तुम्हीच आणा."

पुनीत चिडला नाही. तो नुसता त्या चौदा जणांकडे पाहत राहिला. गिरधरने हातातला चहा अर्धाच ठेवला, तोंड पुसलं, "मी लई येस," मी घेऊन येतो, असं पुटपुटत किल्ली उचलली आणि वनाकडे न बघता स्टँडकडे चालू लागला. एसटीच्या तिकिटाचे पैसे त्याने मागितले नाहीत. पुनीतने विचारलंही नाही.