न पडलेली चीर

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. मित्राने विश्वासाने दाखवलेली सायकल खराब आहे असं मी सांगितलं आणि महिन्याभराने तीच स्वतः विकत घेतली. सायकल खराब नव्हती. सांगतानाही मला ते माहीत होतं.

मी मुरुडला शाळेत गणित शिकवतो. मित्र माझ्याहून दोन वर्षांनी लहान, कोळीवाड्यातला, स्वतःची बोट असलेला. त्याला सगळे नाखवा म्हणतात, मीही. तो मला मास्तर म्हणतो. ओळख पोहण्यातली. रक्तात साखर निघाली म्हणून मी सकाळी समुद्रात जायला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने किनाऱ्यावरून हाक मारली होती, "मास्तर, पान्याला मारू नका, पानी मागं सरकवा." पुढे अहो-जाहो आपोआप गळून पडलं.

ट्रायथलॉनचं खूळ माझं. समुद्रात दोन किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावायचं. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा. ती चुकली की बाजूला व्हायचं. नाखवाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आनि ह्याचं काय देतात?"

"काही नाही. आपणच पैसे भरायचे."

"मग येडेच हायेत." दोन दिवसांनी स्वतःच म्हणाला, "माझं पन नाव घाल."

शर्यत दिवाळीनंतरची, दक्षिणेकडच्या एका शहरात. म्हणजे ऐन मासेमारीच्या दिवसांत बोट दुसऱ्याच्या हाती देऊन जायचं. त्याच्या बायकोने मला घरी बोलावून, समोर चहा ठेवून सांगितलं, "भावजी, ही एकच दिवाळी. पुढल्या दिवाळीला मला हे बोटीवर दिसले पायजेत." तो मान खाली घालून बशीतला चहा पीत होता. त्याला मिळाली ती एवढी एकच संधी. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

पोहणं त्याला शिकवायला नको होतं, पळणं जमवता आलं असतं. प्रश्न होता सायकलचा. या शर्यतींसाठी वेगळ्या घडणीच्या सायकली मिळतात, त्यांच्या किमती ऐकून नाखवा म्हणाला होता, "एवढ्यात माझं इंजिन येतं." मी इंटरनेटवर तासन्‌तास घालवून जी माहिती जमवली ती अजूनही बरोबर आहे असं मला वाटतं. पहिल्या खेपेला खास सायकल घेऊ नये. बाकदार हँडलची साधी रोड सायकल घ्यावी, जुनी असली तर उत्तम. तिच्या हँडलवर कोपर टेकायच्या दोन दांड्या लावता येतात, म्हणजे वाऱ्यात वाकून बसता येतं. माप आपल्या अंगाचं हवं, बाकी ब्रँड कुठलाही चालेल. चढ असतील तर मागचे गिअर जास्त दातांचे हवेत. चाकं नंतर बदलता येतात, फ्रेम बदलता येत नाही. फ्रेम कार्बनची असेल तर ती आतून फुटलेली नाही ना, एवढं पाहावं. त्यासाठी नाण्याने टिचक्या मारत जायचं. धड असेल तिथे आवाज खणखणीत येतो, फुटलेली असेल तिथे बद्द.

मे महिन्यात नाखवालाच अशी एक सायकल सापडली. मांडव्याच्या अलीकडे एका बंगल्यावर तो मासळी देत असे. बंगल्याचे मालक मुंबईचे, शनिवारी लाँचने यायचे. त्यांनी हौसेने घेतलेली कार्बनची सायकल दोन वर्षं व्हरांड्यात उभी होती. किंमत नाखवाच्या आवाक्यातली होती.

आम्ही माझ्या मोटरसायकलवरून गेलो. फाटकाशी पोचल्यावर तो आत येईना.

"चल की."

"मी नाय. तू वाजव. मी इथं हाय."

त्यांच्यात जुनी होडी घ्यायची तर घेणारा ती स्वतः बघत नाही. घ्यायची म्हटल्यावर मन तिच्यात गेलेलं असतं, मग कुजकी फळीही चांगली दिसते. म्हणून भरवशाच्या माणसाला नेतात. तो फळी न्‌ फळी ठोकून बघतो, घेणारा पाठ करून उभा राहतो. ठोकणारा सांगेल तो शेवटचा शब्द, त्यावर उलट विचारायचं नाही. आणि ज्याने ठोकली त्याने ती होडी घ्यायची नाही. हे सगळं नाखवाने मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. सायकलला तो तोच नियम लावत होता आणि मला त्याचं थोडं हसूही आलं.

सायकल लाल होती. राखणदाराने धूळ पुसून दिली. मी एका हाताने उचलली, ती सहज उचलली गेली. सीटवर बसलो, पाय जसे पोचायला हवेत तसे पोचले. आमच्या दोघांच्या उंचीत फरक नाही. मग मी खिशातून नाणं काढून वाजवायला सुरुवात केली. वरची नळी, खालची नळी, पॅडल बसतं तो सांधा, मागच्या चाकाकडे जाणारे दोन्ही हात. सगळीकडे एकच स्वच्छ आवाज. सांध्याजवळ रंगावर एक बारीक रेघ होती. नख फिरवून पाहिलं, नख अडकलं नाही. साखळी घासून उठलेला ओरखडा होता.

नाखवा माझ्याकडे पाठ करून उभा होता. माझा त्याच्यावर राग नव्हता, त्याच्या पुढे जायची ईर्ष्याही नव्हती. मला सायकल हवी होती, एवढंच. मी बाहेर जाऊन म्हणालो, "सांध्याला चीर आहे. बद्द वाजतंय."

"नक्की?"

"उतारावर तुटली तर संपलास."

त्याने वळून एकदाही सायकलकडे पाहिलं नाही. "चल मग," म्हणाला. वाटेत चौलला थांबून त्याने मला पाव आणि ऑम्लेट खाऊ घातलं. जीव वाचवल्याबद्दल.

पावसाळ्याची मासेमारी बंदी तोंडावर आली होती. सरावाला त्याच्याकडे तेच दोन महिने होते, म्हणून तो घाईत होता. मी त्याला अलिबागच्या दुकानात नेलं आणि सरळ हँडलची, जाड टायरची, नवी सायकल घेऊन दिली. भक्कम आहे, पहिल्या खेपेला बरी, असं सांगितलं. भक्कम होतीच. थोडं थांबून शोध घेतला असता तर त्याच पैशांत दुसरी रोड सायकल मिळाली असती. मी शोधली नाही.

जूनच्या अखेरीस मी बंगल्याच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, तुमच्या मित्राने तर चीर आहे म्हणून कळवलं होतं." मी म्हणालो, दुरुस्त करून घेईन. त्यांनी आपणहून किंमत उतरवली. नाखवाला मी सांगितलं की मुंबईत एक माणूस कार्बनची चीर भरून देतो, त्याच्याकडून भरून आणली.

त्याने सायकलभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "ठोकनारा घेत नसतो, मास्तर." आणि लगेच हसला. "पन ही कुठं होडी हाय!"

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते त्याच्या काळजीमुळे. आम्ही मुरुडहून काशीदमार्गे रेवदंड्यापर्यंत जायचो आणि परत. काशीदच्या अलीकडच्या उतारावर तो मुद्दाम माझ्या मागे राही. त्याच्या जड सायकलचे ब्रेक करकचून दाबत, पावसात ओरडत, "दमानं! चीर हाय तिला!" निघण्याआधी दर वेळी तो गुडघ्यावर बसून त्या सांध्यावरून अंगठा फिरवायचा. "भरनाऱ्यानं काम चोख केलंय," म्हणायचा. "कळत पन नाय." मी टायरमध्ये हवा भरत असे.

त्या दिवसांत सांगायला पन्नास वेळा जागा होती. एकदा रेवदंड्याच्या पुलावर पंक्चर काढताना मी "नाखवा, ऐक," इतकं म्हणालोसुद्धा. तो म्हणाला, "पंप दे आधी." मी पंप दिला.

शर्यतीच्या दिवशी तो पाण्यातून माझ्या बराच आधी बाहेर आला. मी आलो तेव्हा त्याची सायकल जागेवर नव्हती. त्या रस्त्याला आडोसा नव्हता आणि वारा समोरून होता. मी दांड्यांवर कोपर टेकून, खाली वाकून चालवत होतो. साधारण पासष्टाव्या किलोमीटरला तो मला दिसला. सरळ हँडलवर ताठ बसलेला, सगळा वारा छातीवर घेत. मी बाजूने पुढे निघालो तसा तो ओरडला, "जा मास्तर! खड्डा बघ पुढं, चीर सांभाळ!"

सायकलची मर्यादा त्याची सात मिनिटांनी चुकली. आयोजकांनी त्याच्या पायावरचा, वेळ मोजणारी चिप लावलेला पट्टा काढून घेतला आणि त्याला पळायला सोडलं नाही. मी वेळेत पुरं केलं, शेवटच्या काही जणांत. तो रेषेच्या पलीकडे लिंबूपाण्याची बाटली घेऊन उभा होता. माझ्या गळ्यात मेडल घातलं गेल्यावर त्याने ते हातात धरून उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "टिकली ना शेवटपर्यंत?"

"टिकली," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये तो मला समजावत होता की चूक त्याचीच, पायांत दम कमी पडला. "तू सांगत होतास रोज घाट मार म्हणून. मी टंगळमंगळ केली." ती त्याने केली नव्हती. मी खिडकीबाहेर बघत होतो.

दिलेल्या शब्दाप्रमाणे तो बोटीवर परत गेला. पुढच्या वर्षी जाळं ओढताना दोर सुटून त्याचा उजवा खांदा निखळला. आता तो हात डोक्याच्या वर जात नाही. पोहणं बंद आहे. त्याची सायकल जाळ्यांच्या खोलीत टांगलेली असते. माझी मी अजून चालवतो. रविवारी त्याच्या घरावरून जातो तेव्हा तो ओट्यावरून हात करतो. डावा.

मध्यंतरी नवी पोरं सायकल घ्यायची म्हणून त्याच्याकडे आली, तर त्याने त्यांना माझ्याकडे पाठवलं. "मास्तरला दाखवा. तो वाजवून सांगतो." मी त्यांना सांगितलं, हल्ली मी ते करत नाही. मान दुखते असं कारण दिलं.

हे लिहून तो वाचेल असं नाही. तो वाचत नाही. तेव्हा लिहिण्याने काही फिटलं असं मी समजत नाही. मी त्याची एक शर्यत देणं लागतो, आणि त्याच्या ओट्यावर बसून, त्याच्या बायकोसमोर, खरं सांगणं देणं लागतो. पहिलं आता देता येणार नाही. दुसरं देता येतं. ते मी दिलेलं नाही.