हजराभाभींचे शुक्रवार

अल मुंतझातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, त्यामुळे सगळ्यांच्या ओळखी जिन्यातच व्हायच्या. हजराभाभी मला तिथेच भेटल्या. मी बार्शीची, लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी दोहाला आलेली. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन घेऊन चढत होते. वरून एक ठेंगण्या बाई भराभर उतरत आल्या, माझ्या हातातला कॅन काढून घेतला आणि म्हणाल्या, "कौनसा माला?" दमल्यामुळे माझ्या तोंडून "आई गं" निघालं, तशा त्या खळखळून हसल्या.

"मराठी हायस होय गो? मग हिंदीत कशाला मरायचं!"

हे २००२ सालचं. भाभी रत्नागिरी जिल्ह्यातल्या, बाणकोटच्या खाडीकाठच्या. त्यांचे मिस्टर जहूरभाई दोहाच्या औद्योगिक भागात, म्हणजे सनायात, मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर होते. वीसेक वर्षं ते इथे एकटेच राहिले. दोन्ही मुलींची लग्नं उरकल्यावर त्यांनी भाभींना बोलावून घेतलं. इतकी वर्षं काढूनही जहूरभाईंचं कतार म्हणजे घर, गोदाम, मशीद आणि मासळीबाजार. त्यापलीकडे त्यांना विचारलं तर म्हणायचे, "पुढे नुसती रेती आहे. रेतीत काय बघायचं?"

भाभींचं मात्र इथे मन लागेना. घर चांगलं होतं, नवरा जवळ होता, तक्रार एकच. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना त्या मला म्हणायच्या, "सगळं कसं भाकरीसारखं थापलंय बघ. आमच्याकडे मागलं दार उघडलं की खाली खाडी. इथं खाली बघायचं म्हटलं तर जागाच नाय." जहूरभाईंनी त्यांना समुद्रकाठच्या रस्त्यावर, कॉर्निशवर फिरायला नेलं. भाभींनी समुद्र पाहिला, शेंगदाणे खाल्ले आणि परत आल्यावर म्हणाल्या, "समुद्र बरा आहे. पण त्याच्या नाकासमोर उभं राहून काय बघायचं? समुद्र वरून बघायचा असतो."

जहूरभाईंनी हे गोदामात कोणापाशी तरी सांगितलं असावं, कारण एक दिवस रामेश्वर त्यांच्या घरी उगवला. रामेश्वर परभणीकडचा, एका छोट्या टूर कंपनीत ड्रायव्हर आणि गाइड असं दोन्ही काम करायचा. गाड्यांचे पार्ट न्यायला तो गोदामात येई. त्याने सांगितलं, "जहूरभाई, पश्चिमेला झकरीतकडं कडे आहेत की. पांढरे, चांगले उंच. वर चढलं की समुद्र पायाशी. येत्या शुक्रवारी माझ्या गाडीत दोन सीट रिकाम्या आहेत. मावशीला घेऊन या."

"शुक्रवारी? माझा जुम्मा चुकेल," जहूरभाई लगेच म्हणाले.

"मग मी राणीबरोबर जाते," भाभी त्याहून लगेच म्हणाल्या. मला कोणी विचारलंच नाही.

शुक्रवारी सकाळी रामेश्वर लँडक्रूझर घेऊन दारात आला. गाडीत एक म्हातारं स्कॉटिश जोडपं होतं, मुलाकडे दोहाला आलेलं. नवऱ्याच्या गळ्यात मोठा कॅमेरा, बायकोच्या डोक्यावर रुंद टोपी. आडनाव ग्रँट. जहूरभाई खाली येऊन चाकं तपासत होते, जणू आम्ही चंद्रावर निघालो होतो. "पाणी आहे ना? दोरी आहे ना? जॅक?" रामेश्वरने सगळ्याला हो म्हटलं. शेवटी भाभी म्हणाल्या, "अवो, आता सोडा गाडीला. यल्ला, चला!"

शहर संपलं तशी जमीन दोन्हीकडे मोकळी झाली. खडीसारखी, फिक्या रंगाची, मधूनच एखादं खुरटं झुडूप. तासाभराने रामेश्वरने डांबरी रस्ता सोडला, खाली उतरून चाकांतली हवा कमी केली आणि गाडी दगडगोट्यांतून हलतडुलत निघाली. ग्रँटबाईंनी समोरचा दांडा घट्ट धरला. भाभी मात्र खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

आणि मग ते दिसलं. सपाट जमिनीतून एकदम उठलेले चुनखडीचे पांढरट कडे, मधे खोल घळी, आणि काही खडक तर असे की बुंध्याशी वाऱ्याने कातून बारीक केलेले, वर मोठं टोपण. अळंब्यांसारखे. रामेश्वर इंग्रजीत ग्रँट जोडप्याला सांगत होता की इथे फार पूर्वी समुद्र होता, आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "मावशी, तुम्ही आत्ता समुद्राच्या तळाशी उभ्या आहात."

"मग वर चल की पोरा," भाभी म्हणाल्या.

पायवाट अशी नव्हतीच. भुसभुशीत दगड, पाय ठेवला की खडे घरंगळायचे. मी चारदा बसले. भाभींनी चपला काढून हातात घेतल्या, सलवार जरा वर खोचली आणि तिरक्या तिरक्या चढत गेल्या. मी वर पोचले तेव्हा त्या कड्याच्या टोकाशी उभ्या होत्या. खाली समुद्र होता. किनाऱ्याशी पोपटी, मग निळा, मग अगदी गडद, आणि लांबवर बेटांच्या पुसट रेघा. ओढणी फडफडत होती आणि भाभी बोटाने बेटं मोजत होत्या. मग म्हणाल्या, "या बाबाने वीस वर्षं मला सांगितलं, नुसती रेती आहे म्हणून."

खाली कड्याच्या सावलीत आम्ही जेवलो. भाभींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. ग्रँटबाईंनी चटणी चाखली, डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागितली. म्हातारेबुवा तोवर कॅमेरा घेऊन "जरा फोटो काढतो" म्हणत घळीकडे गेले.

वारा केव्हा वाढला ते कळलंच नाही. उत्तरेकडून एक पिवळा पडदा सरकत आला आणि बघता बघता समोरचे खडक अंधूक झाले. तोंडात धूळ करकरायला लागली. रामेश्वर उठला, आम्हाला गाडीत बसवलं आणि म्हाताऱ्यांना शोधायला घळीत गेला. थोड्या वेळाने एकटाच परत आला. घळीला फाटे फार, आणि सगळे खडक सारखे. मोबाईलला तिथे रेंज नव्हती. त्याने हॉर्न वाजवून पाहिला. आवाज चारी बाजूंच्या दगडांवर आपटून असा यायचा की नेमका कुठून येतोय तेच कळेना. ग्रँटबाईंनी टोपीची कड चुरगाळून चुरगाळून तिचं वाटोळं केलं होतं.

रामेश्वर पुन्हा जायला निघाला तशी भाभींनी त्याचा दंड धरला. "तू इकडून फिरणार, तो तिकडून फिरणार. मग दोघांना कोण शोधील? मी वर जाते."

"मावशी, वाऱ्यात वर कुठं जाता?"

पण त्या निघाल्याच. मीही मागून गेले. अर्ध्या उंचीवर एक रुंद टप्पा होता, तिथे त्या पाय रोवून उभ्या राहिल्या, ओढणी डोक्याला गच्च बांधली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली.

"बावाऽऽऽ! ओऽऽ बावाऽऽऽ!"

मी अक्षरशः दचकले. एवढ्याशा बाईत एवढा आवाज कुठे होता? हाक ओरडल्यासारखी नव्हती; लांब, एका सुरातली, शेवटी वर चढणारी. थांबायच्या, कान द्यायच्या, आणि पुन्हा तीच हाक, त्याच जागेवरून, तशीच. मधल्या वेळात मला म्हणाल्या, "माझा बावा खाडीत तर चालवायचा, होडी गो. अलीकडं माणसं जमली की पलीकडून त्याला बोलवायचं काम माझं. वाऱ्यावर आवाज कसा सोडायचा ते तवा शिकले. त्या म्हाताऱ्याचं नाव मला येत नाय, तर हीच हाक बरी."

कितीतरी वेळाने खालून बारीक उत्तर आलं. मग पुन्हा, जरा जवळून. भाभी हाक मारत राहिल्या आणि धुळीतून आधी एक काठीसारखी आकृती, मग कॅमेरा, मग पांढऱ्या भुवयांचे म्हातारेबुवा दिसले. गुडघा खरचटलेला, पण चालत होते. रामेश्वर धावत जाऊन त्यांना घेऊन आला. ग्रँटबाईंनी आधी नवऱ्याला बरंच काही सुनावलं आणि मग भाभींच्या गळ्यात पडल्या.

वारा पडेपर्यंत आम्ही गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायलो. म्हाताऱ्यांनी मला विचारलं, "त्या बाई मला काय म्हणून हाक मारत होत्या?" मी सांगितलं, वडील. तसे ते भाभींकडे वळून, छातीवर हात ठेवून, मोठ्या प्रयत्नाने म्हणाले, "शुक्रन, मुली." 'शुक्रन', म्हणजे आभार, एवढं अरबी त्यांना येत होतं; 'मुली' हा शब्द त्यांना रामेश्वरने मागच्या मागे पढवला होता. भाभी इतक्या हसल्या की चहा सांडला.

घरी परतल्यावर भाभींनी जहूरभाईंना एवढंच सांगितलं, "मी पुन्हा जाणार." आणि इमारतभर बाकी सगळं मी सांगितलं.

मग सुरू झाले हजराभाभींचे शुक्रवार. थंडीच्या दिवसांत, पुरुष नमाजाला किंवा झोपेला गेले की रामेश्वरची गाडी आमच्या दारात उभी. आधी आमच्या इमारतीतल्या बायका, मग मागच्या गल्लीतल्या, मग कोणाची चुलतबहीण पार उत्तरेकडच्या मदिनत अश शमाल गावाहून. कितीतरी जणी अशा होत्या की विमानतळावरून घरी आल्या त्यानंतर मोकळं आभाळ त्यांनी पाहिलंच नव्हतं. भाभींचे नियम कडक होते: पाण्याची बाटली प्रत्येकीची वेगळी, कचरा परत न्यायचा, एकटीने घळीत जायचं नाही, आणि वर पोचल्यावर घराच्या गोष्टी काढायच्या नाहीत. शेवटचा नियम कोणीच पाळला नाही. पोरं बरोबर असायची, ती "हजरा आंटी, वन मोअर टाइम!" म्हणून कड्यावरून हाका मारून घ्यायची, आणि त्यांना भाभी मराठीतच रागवायच्या.

जहूरभाई मात्र एकदाही आले नाहीत. कधी जुम्मा, कधी कंबर, कधी गोदामातली मोजदाद. मग बकरी ईदची सुट्टी आली. वार मंगळवार की बुधवार, जुम्म्याचा प्रश्नच नव्हता. भाभी म्हणाल्या, "आज काय सांगता?" नवे कपडे घालून जहूरभाई आमच्याबरोबर गाडीत बसले, आणि झकरीतला पोचल्यावर गाडीतच बसून राहिले.

"उतरा की," भाभी म्हणाल्या.

"मी इथूनच बघतो."

"इथून चाक दिसतंय फक्त."

ते रुमालाने समोरची काच पुसायला लागले. मग हळूच म्हणाले, "हजरा, मला उंचावर गरगरतं. लहानपणापासून. गोदामातल्या शिडीवर मी दुसऱ्याला चढवतो."

मला वाटलं भाभी आता हसणार. त्या हसल्या नाहीत. "एवढी वर्षं झाली लग्नाला, हे मला आज सांगताय?" म्हणाल्या, आणि दार उघडून हात पुढे केला. "चला. खाली बघायचं नाय. माझ्या पाठीकडे बघायचं."

असे दोघं चढले. पुढे भाभी, मागे त्यांची ओढणी मुठीत धरून जहूरभाई, पाय पाहून पाहून टाकत. त्या रुंद टप्प्यापर्यंतच गेले, टोकापर्यंत नाही. तिथे भाभींनी त्यांना कड्याला पाठ लावून बसवलं आणि म्हणाल्या, "आता हळूच मान वर करा." जहूरभाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा. समुद्र त्या दिवशी फार हिरवा होता.

"काय?" भाभींनी विचारलं.

"रेती नाही," जहूरभाई म्हणाले.

उतरायला त्यांना चढण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला आणि शेवटचा उतार तर ते बसूनच आले. नव्या कपड्यांची मागची बाजू पांढरीफटक झाली. रामेश्वरने कौतुकाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर दर थंडीत एकदा तरी ते यायचे, त्या टप्प्यापर्यंतच.

२००७ मध्ये जहूरभाई निवृत्त झाले आणि दोघं बाणकोटला परतली. आता शुक्रवार मी चालवते. माझा आवाज कसाबसा गाडीपर्यंत पोचतो, म्हणून शिट्टी घेतली आहे. पुढच्या सीटवर कोणी बसायचं यावरून दर खेपेला भांडण होतं, तेही मलाच मिटवावं लागतं. गेल्या आठवड्यात आमच्याबरोबर जिक्रा नावाची नवी सून आली, नुकतीच श्रीवर्धनहून दोहाला उतरलेली. वर चढली, वाऱ्यात उभी राहिली, आणि खाली उतरायचं म्हणून किती हाका मारल्या तरी ऐकेना. मी म्हटलं राहू दे. आम्ही भाकऱ्या सोडल्या आणि जेवायला बसलो.