गवतातला हत्ती

आमच्याकडे तेव्हा बाग म्हणजे मधोमध कारंजं, चारी बाजूंना चौकोनी वाफे आणि कडेनं तिरप्या विटांची किनार. याला नाक मुरडणारा पहिला माणूस माझा मामा. शिकला होता इमारतींचे नकाशे काढायला, पण जीव रमला भिंतींबाहेरच्या मोकळ्या जागेत. “फाटकातूनच सगळी बाग दिसली, तर आत कोण कशाला येईल?” तो म्हणे. मामीचं उत्तर ठरलेलं, “पोट भरायचं असेल तर चार गुलाब लाव.”

अखेर वाचनालयाच्या अध्यक्षांनी त्याला मागच्या पडीक जागेची बाग करायला सांगितली. अट एकच, झुडपं कातरून केलेला हत्ती हवा. मामा लगेच “बरं” म्हणाला. मामीच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस इतक्या सहज कधी कशाला हो म्हणत नसे.

बाग उघडली त्या दिवशी ही गर्दी. समोर मातीचा लांबट उंचवटा, कमरेएवढं रानगवत आणि वळून दिसेनाशी झालेली पायवाट. बस. अध्यक्षांचा चेहरा पडला.

“हत्ती कुठाय?”

“आत बसलाय,” मामा शांतपणे म्हणाला.

मुलं धावली. मुलांना आवरायला आया गेल्या, आयांना बोलवायला बाप. परत कोणीच येईना. उंचवट्यामागे गार सावली होती, दगडी बाकं होती, पाय बुडवण्यापुरतं पाणी होतं. कुणाला एक करडा धोंडा हत्ती वाटला, कुणाला दुसराच, आणि त्यावरून दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले. मामानं कुणाचीच बाजू घेतली नाही. शेवटी अध्यक्षही पुटपुटत आत शिरले आणि अंधार पडता पडता बूट हातात घेऊन बाहेर आले.

पुढच्या आठवड्यात ते थेट घरी टपकले. माणूस तापलेला असणार म्हणून मामीनं आधी गार पाणी पुढे केलं. अध्यक्ष मात्र हळू आवाजात म्हणाले, “माझ्या घरामागे अशीच बाग कराल का? एक कोपरा असा हवा, की मी तिथं बसलो तर घरातून दिसता कामा नये.”

मामानं जीव ओतून ते काम केलं. महिनाभरातच अध्यक्षांची बायको दारात हजर.

“हे रोज जेवणानंतर गायब होतात कुठे?”

मामा छताकडे बघू लागला. मामीनं मात्र बाईंना खुर्ची दिली आणि कुठल्या झाडामागून वळायचं ते नीट समजावून सांगितलं.