भावाचा रकाना

नरसम्मा एकाच माणसाला एकाच जेवणात अरे-तुरे आणि अहो-जाहो करायची. "ए, आधी हात धू की!" असं व्यंकटेशला दटावायची आणि तो पाटावर बसला की पदर सारखा करून विचारायची, "जावई, अजून भात वाढू का?" साखर पेठेत तिच्या शेजारी बिऱ्हाड केलं तेव्हा पहिले पंधरा दिवस मला वाटलं, या घरात दोन व्यंकटेश आहेत.

होता एकच. तिचा धाकटा भाऊ. आई-वडील लवकर गेले, हिनेच त्याला वाढवला आणि पुढे आपली एकुलती मुलगी पद्मा त्यालाच दिली. पेठेतल्या तेलुगू विणकर घरांतून मामाशी लग्न ही सरळ रीत. आमच्याकडे नुसतं ऐकून लोकांच्या भुवया चढतील. मी बावळटासारखं विचारलं, तेव्हा मांडीवरच्या सुपात विड्या वळता वळता ती म्हणाली, "पोरगी परक्याच्या घरात कशाला टाकायची, मास्तर? ह्याचं सगळं मला ठावं हाय की. कवा रुसतो, कवा खातो."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला व्यंकटेश कॅनडात एका कापडगिरणीत लागला. पाठोपाठ पद्मा गेली. तिला दिवस राहिले तेव्हा आईची हमी घेऊन नरसम्माला कायमचं तिकडे बोलावून घेण्याचे कागद आले. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे पेठेतला इंग्रजी कागद माझ्याकडेच यायचा. विधवा, एकटी नरसम्मा हरखून गेली होती. भेटेल त्याला सांगायची, "पोरीचं बाळंतपण करायला चालले. आता परत येत न्हाय."

फॉर्मसोबत व्यंकटेशचं पत्र होतं. मुलगी आईला बोलावते आहे, एवढंच दाखवायचं. तिथल्या कोणा माहितगाराने त्याला घाबरवलं होतं, की या देशात मामा-भाचीचं लग्न कायदेशीर धरत नाहीत. उघड झालं तर पद्माचंच राहणं अडचणीत येईल. तेव्हा भाऊ-बहिणींच्या रकान्यात ‘कोणी नाही’ असं लिहावं.

मी वाचून दाखवलं. विड्या वळणारे तिचे हात थांबलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"पद्माची आई, असं लिवा."

"लिहिलं."

"व्यंकटेशची अक्का लिवा."

"तेच तर लिहायचं नाही, नरसम्मा."

"मग मी त्याची कोन?"

"सासू."

"सासू व्हय. पन ती नंतर की."

मी समजावत बसलो. कागदावर नसला म्हणून भाऊ काय कुठे जातो, वगैरे. बोलता बोलता माझाच गोंधळ उडाला. यात वावगं काहीच नाही असं एकदा वाटायचं आणि पुढच्याच वाक्याला सगळंच वावगं वाटायचं.

शेवटी ती म्हणाली, "आईनं मरताना त्याला माज्या मांडीवर ठिवला. भाऊ न्हाय म्हनून अंगठा कसा उठवू? आनि हाय म्हनून उठवला तर पोरीचं घर मोडंल."

तिने यातलं काहीच केलं नाही. थंडी सोसणार नाही म्हणून येत नाही, असं पत्र माझ्याकडून लिहून घेतलं आणि खरं कारण पद्माला सांगायचं नाही अशी शपथ घातली. पद्माचं उत्तर आलं, चारच ओळींचं. ‘तुला माझ्यापेक्षा सोलापूर प्यारं आहे,’ ही ओळ मी वाचून दाखवताना गाळली.

दशक संपता संपता नरसम्मा गेली. पद्मा पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तिसऱ्या दिवशी माझ्या घरी येऊन तिने विचारलं, "मास्तर, आई का आली नव्हती?" मी शपथ मोडली. मोडायला हवी होती का, हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि आजही कळत नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खरं लिहायचं की, मास्तर. हाकललं असतं तर हितं आले असते. आईकडं."

व्यंकटेशने, नरसम्माने आणि मी मिळून तिचं घर वाचवलं होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं.