फुलाबाईची कैची

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्यानं तेवढं सांभाळून घ्यावं. फुलाबाईबद्दल मात्र मला नीट लिहायचं आहे.

गोंदियाच्या ज्या दवाखान्यात मी सफाईला लागले, तिथं ती आधीपासून होती. दवनीवाड्याहून पहिल्या बसनं यायची. आता काम सोडून घरीच असते. कचऱ्याची पिशवी ती वरच्या गाठीला धरून, हात लांब करून उचलायची, लुगड्याला टेकू द्यायची नाही. पहिल्याच दिवशी मी पिशवी कडेवर घेतली, तशी म्हणाली, "खाली ठेव वो. हे लेकरू चावते."

सुई यंत्रात तोडून पांढऱ्या डब्यात टाकायची. सलाईनच्या बाटल्या आणि नळ्या कापून लाल पिशवीत, म्हणजे त्या कोणी पुन्हा वापरणार नाही. हे तिनंच शिकवलं. ठेकेदाराच्या सुपरवायझरला ते नको होतं. तो अख्ख्या बाटल्या मागच्या गेटातून भंगारवाल्याला विकायचा. "कापत बसू नका, टाइम जाते," म्हणायचा. त्याच्या घाईत नळीला तशीच राहिलेली एक सुई पिशवीतून माझ्या मांडीत घुसली.

मग इंजेक्शनं, रक्ततपासण्या. रिपोर्ट येईपर्यंत मी लेकीला जवळ झोपवलं नाही. रिपोर्ट चांगला आला, पण खाड्यांचा पगार सुपरवायझरनं कापला. वर हसून म्हणाला, "सुई क्या मैंने चुभाई?"

मी फुलाबाईजवळ रडले. ती म्हणाली, "मागू नोको. मागतलं का तो हासते. मले कैची आनून दे."

दुसऱ्या दिवसापासून ती एकूण एक बाटली कापू लागली. सुपरवायझर धावत आला. "काऊन कापून राहिली?"

सगळ्या नर्सांच्या वरच्या मेट्रनबाई तिथूनच जात होत्या. त्यांना ऐकू जाईल अशी फुलाबाई बोलली, "भिंतीवरच्या पाटीवर तसंच लिवलं हाये ना साहेब. तुमाले अख्ख्या कायले पायजेत?"

मेट्रनबाईंनी वळून पाहिलं. तो तोंड पाडून मागे सरला. त्याचं ते तोंड पाहून मला फार सुख झालं. अजूनही आठवलं की होतं.

भंगारवाला आला आणि तुकडे पाहून त्याला शिव्या देऊन गेला. मग सुपरवायझर गोड झाला. "मावशी, थांबायचं काय घेशील?"

"पह्यले हिचा पगार दे."

त्यानं अर्धा दिला. फुलाबाईनं दुसरी कैची काढून माझ्या हातात दिली. मी कोणाकडे मान वर करून न पाहणारी बाई, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघत बघत कापत राहिले.

पगारवाटपाच्या दिवशी तो उरलेले पैसे घेऊन आला. म्हणाला, "अब तो बस कर."

"पुरे हायेत का वो?" फुलाबाईनं मला विचारलं.

मी मोजले. "पुरे आहेत."

"ठेव मंग," ती म्हणाली, आणि पुढची बाटली उचलून त्याच्यासमोरच कापली.