साडूच्या घरमालकांनी ऐकलेलं पुस्तक

वर्धा जिल्ह्यात आजवर जे जे लेखक व्हायचे राहून गेले, त्यांतल्या निम्म्यांना तरी माझ्या साडूच्या घरमालकांनी एकट्याने घरी बसवलं असेल. हा माणूस बोरगाव मेघेत राहतो, त्याने जन्मात एक ओळ लिहिलेली नाही, आणि तरी नागपूरचा एक प्रकाशक आपल्याकडे आलेली हस्तलिखितं आधी याच्याकडे पाठवतो. का पाठवतो, ते त्या प्रकाशकालाच ठाऊक. घरमालक हस्तलिखिताला हात लावत नाहीत. लेखकाने समोरच्या स्टुलावर बसून मोठ्याने वाचायचं आणि हे खाली पेपर पसरून मेथी निवडणार. चहा विचारत नाहीत, 'वा' म्हणत नाहीत, मान वर करत नाहीत. म्हणे परीक्षण! आमच्याकडे हे काम बायको टीव्ही बघता बघता करते, आणि तिची मेथी जास्त स्वच्छ असते.

उद्धटपणाला तर धरबंधच नाही. सिंदी मेघेच्या एका निवृत्त साहेबांनी तीन रविवार घसा कोरडा करून आपलं आत्मचरित्र वाचलं. संपल्यावर हे म्हणाले, "साहेब, तुमच्या बाईसाहेब यात एकदाच आल्या, त्याबी चहा घेऊन. पुढच्या रविवारी त्यांनाच पाठवजा, मी त्यांचं आयकतो." साहेब आता बाजाराला जायचं तरी लांबच्या रस्त्याने जातात.

माझं आत्मचरित्र मात्र तसलं नव्हतं, अशी माझी खात्री होती. देवळीच्या भाजीवाल्या घरातला मुलगा स्वतःच्या हिमतीवर प्राध्यापक होतो, अशी ती गोष्ट. हेच मी माझ्या सत्काराच्या भाषणातही ठणकावून सांगितलं होतं. माझ्यासाठी सातवीतून शाळा सोडून वांग्यांनी भरलेले कट्टे बाजारात नेणारा माझा थोरला भाऊ तेव्हा तिसऱ्या रांगेत बसला होता. मी त्याचं नावही घेतलं नाही. तो मधूनच उठून गेला, आणि त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही. पुस्तक निघालं की तो वाचेल, येईल, अशी माझी खुळी आशा. त्यासाठी त्याच्यावर दोन पानं घातलीसुद्धा होती.

तर मीही त्या स्टुलावर बसलो. वाचताना माझ्या लक्षात आलं, की काही पानांवर मेथी निवडणाऱ्या या म्हाताऱ्याचा हात थांबतो. मी समजलो, कंटाळले. मी पडलो हुशार, घरी जाऊन तेवढीच पानं काढून टाकली. त्यांत भावाचीही दोन्ही गेली. महिन्याभराने सुधारलेला खर्डा वाचला, तर हात एकदाही थांबला नाही. तीन जुड्या निवडून झाल्या आणि मी मनातून खूश.

"ते कट्टे नेणारं पोरगं कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

"काढलं. तुम्ही तिथे थांबला होतात."

"आयकून राह्यलो होतो म्हणून थांबलो ना. बाकीचं भाजी निवडता निवडता आयकासारखंच हाय. त्याले काऊन काढलं?"

असा राग आला की काय सांगू. त्या रागातच सत्काराची हकीकत तोंडून निघून गेली. आजवर ती कोणालाच सांगितली नव्हती. म्हाताऱ्याने सांत्वनबिंत्वन काही केलं नाही. "हेच लिवून आणजा," म्हणाले.

मग या माणसाने माझा नुसता छळ मांडला. भाऊ पहाटे बाजारात चालत जायचा असं लिहिलं, तर "पायात काय होतं?" भाऊ हसला असं लिहिलं, तर "कायले हसला?" मला उत्तरं येत नव्हती, कारण मी तिकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत मी घरी यायचो आणि आठवत बसायचो. आणि सगळं आठवायचं, याचंच जास्त वाईट वाटायचं.

गेल्या महिन्यात पुस्तक छापून आलं. पहिली प्रत घेऊन मी धावत बोरगावला गेलो. त्यांना आता नीट दिसत नाही. पुस्तक त्यांनी उघडलं नाही, नुसतं दोन्ही हातांनी चाचपलं. आता तरी एखादा चांगला शब्द निघेल म्हणून मी वाट बघत बसलो.

"भावाले दिलं?"

"पाठवीन पोस्टाने."

त्यांनी प्रत माझ्या हातात परत दिली. "मंग तुमी चुकीच्या घरी आले," म्हणाले.

ती प्रत अजून माझ्या पिशवीत आहे. देवळीच्या बसमध्ये बसायचं म्हणून दोनदा स्टँडवर गेलो आणि दोनदा परत आलो. आज पुन्हा निघालोय. दारात भाऊ दिसल्यावर काय बोलायचं, ते काल कागदावर चार ओळींत लिहिलं आणि म्हाताऱ्याकडे नेलं. कागदाची घडी उघडतो न उघडतो, तोच त्यांनी हात वर केला.

"हे मले नका आयकवू," ते म्हणाले.